अक्काचा येसर पहिल्या पानावर

अक्का पंचमीला माहेरी आली. पंचमी झाली, पोळा झाला, गौरी-गणपती झाले, तरी परत जायचं नाव काढेना. शेजारच्या बायका आधी "राहू द्या की, दमली असंल लेक" म्हणायच्या. पुढे त्याच "अजून हाय का इथंच?" असं विचारायला लागल्या.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर उमापूरला, म्हणजे आमच्या घाटनांदूरहून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. दाजी तिच्याशी बोलत नव्हते, एवढंच. लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल झालं नाही, तसं त्या माणसानं हळूहळू बोलणंच बंद केलं होतं. पाणी हवं असलं तर तांब्या जमिनीवर आपटायचा. हे तिनं मला हसत हसत सांगितलं, आणि मला तो तांब्या घेऊन उमापूरला जावंसं वाटलं. मी लहानपणापासून असाच आहे, माझं डोकं पायांच्या आधी निघतं.

आई नव्हती. घरात अप्पा, मी आणि आता अक्का. अप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानदाराचा स्वभाव त्यांच्या हाडात मुरला होता: कुणाला तोडून बोलायचं नाही, कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. अप्पा वाईट नव्हते, भित्रे होते. एके सकाळी पूजा आटोपून ते बाहेर आले आणि भिंतीकडे बघत बोलले, "गुढीपाडव्यापर्यंत मी काही बोलत न्हाई. तोवर पोरीनं आपल्या पायावर काही उभं केलं तर राहू दे इथंच. न्हाई केलं, तर पाडव्याला तिकडचे न्यायला येतेत, अन् ती जाईल."

अक्का आत ज्वारी निवडत होती. तिला ऐकू गेलं होतं. त्या दिवशीची ज्वारी तिनं दोनदा निवडली.

तिला एक गोष्ट फार चांगली यायची, ती म्हणजे येसर. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी नसली तर लोक जेवून उठताना कुरकुर करतात. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या, सगळा मसाला वेगवेगळा भाजायचा आणि मग एकत्र दळून आणायचा. यात सगळा खेळ भाजण्याचा. अक्का वासावरून सांगायची की धने अजून दोन मिनिटं मागतायत. गावातल्या पंगती तिच्या येसरावर होऊ लागल्या होत्या, पण गाव ते केवढं! शिवाय गावात कुणी मोल करून घेत नाही, "अक्का, जरा करून द्या की" म्हणतात.

माझा स्टेशन रोडला कॉम्प्युटर क्लास होता. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं आणि मी स्वतःला तालुक्यातला मोठा तज्ज्ञ समजत होतो. मी म्हणालो, वेबसाइट करू. पुण्या-मुंबईला गेलेली मराठवाड्याची माणसं आहेत, तीही लग्नं करतातच, त्यांना येसर कोण देतं?

पहिली साइट मी केली ती आज आठवली तरी मान खाली जाते. वर "स्वागत आहे" असं सरकत जाणारं वाक्य, कोपऱ्यात फिरणारं फूल, आणि उघडली की सनई वाजायची. दोन महिने एक फोन आला नाही. सर्च इंजिनात "येसर" टाकलं की आमची साइट कुठेच नसायची. अक्कानं मोबाइल घेतला होता, तो ती पदराला बांधल्यासारखा जवळ ठेवायची. मधूनच मला विचारायची, "ह्याला रेंज हाय ना रे?" रेंज होती.

मग मी वाचायला बसलो. दुपारी क्लास रिकामा असायचा तेव्हा जे सापडेल ते वाचलं. आणि मला रागच आला, कारण त्यात जादू काहीच नव्हती. सर्च इंजिनाला नीट वाचता येईल असा मजकूर हवा, माझी ती जुन्या फाँटातली अक्षरं त्याला वाचताच येत नव्हती. पान पटकन उघडायला हवं. आणि मुख्य म्हणजे माणूस जे शोधत येतो ते त्याला पानावर मिळायला हवं. अप्पा गिऱ्हाइकाशी जसं वागतात तसं वागायचं, बस्स.

सनई काढली, फूल काढलं. गावातल्या ज्या बायका अक्काकडे यायच्या त्या काय काय विचारतात ते मी उंबऱ्यात बसून लिहून घेतलं. किती दिवस टिकतो? शंभर माणसांना किती लागतो? पाणी कधी घालायचं? गाठी का होतात? प्रत्येक प्रश्नाचं एक पान केलं आणि उत्तर अक्का सांगेल तसंच्या तसं टाकलं. "कांदा-लसूण न घालणाऱ्यांसाठी वेगळा करतो" ही आमच्या घरची रीत, तीही टाकली. एके ठिकाणी मी "भारतातील सर्वोत्तम येसर" असं लिहिलं होतं. ते वाचून अक्का म्हणाली, "सगळा भारत हिंडून आलास का? काढ ते." काढलं.

हळूहळू साइट सरकायला लागली. दहाव्या पानावर दिसली, मग सहाव्या, मग चौथ्या. मी रोज सकाळी क्लास उघडला की आधी तेवढं बघायचो. तुळशीच्या लग्नानंतर पहिला फोन आला, हडपसरहून. ती बाई मूळची केजकडची होती. तिनं अक्काशी पाऊण तास गप्पा मारल्या आणि भाचीच्या लग्नासाठी येसर मागवला. फोन ठेवल्यावर अक्का तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "ती मला 'ताई, तुमी सांगा' म्हणली रे." नऊ वर्षं तिला कुणी काही सांगायला सांगितलं नव्हतं. मी तोंड फिरवून बाहेर गेलो.

त्यानंतर आठवड्याला एखादा फोन यायला लागला. पण पाडवा जवळ येत होता आणि साइट तिसऱ्या पानावर येऊन बसली होती. तिसऱ्या पानापर्यंत कोण जातं? त्यातच वाचलेलं एक वाक्य माझ्या डोक्यात घुसलं होतं. दुसऱ्या साइटनं तुमच्या साइटची लिंक दिली, तर सर्च इंजिन ती शिफारस समजतं आणि तुम्हाला वर नेतं.

त्याच सुमारास मी एका लग्नात आहेर लिहायला बसलो होतो. आमच्याकडे हे काम अक्षर बरं असणाऱ्या माणसाकडे येतं. कुणी टॉवेल-टोपी केली, कुणी लुगडं नेसवलं, सगळं वहीत चढतं. पुढे त्या माणसाच्या घरी लग्न निघालं की वही काढायची आणि जसा आला तसा आहेर करायचा. टोपीला टोपी. विसरलं तर माणूस तुटतो. ती वही लिहिता लिहिता माझ्या डोक्यात आलं की लिंक म्हणजे तरी दुसरं काय!

तालुक्यातल्या बऱ्याच दुकानांच्या साइट मीच किंवा माझ्या विद्यार्थ्यांनी केल्या होत्या. मी मोटारसायकल काढली. मंडपवाला, फोटो स्टुडिओ, बोअरवेलवाला, लॉज, ट्रॅक्टरचं शोरूम, रक्त-लघवी तपासणारी लॅब, सगळ्यांकडे गेलो. "आमच्या अक्काच्या येसराची लिंक टाका, मी तुमची टाकतो." कुणी नाही म्हणालं नाही, उलट लोकांना ते फार आवडलं. आमच्या साइटवर मी "आमची माणसं" नावाचं पान केलं आणि ज्यानं लिंक दिली त्याला तिथे जागा दिली. पंधरा दिवसांत चाळीसेक नावं झाली. ते दुकानदार आपसातही देवाणघेवाण करायला लागले. मला यात खोटं काही वाटलं नाही. उलट मी व्यवहाराला चोख आहे, कुणाचा आहेर अंगावर ठेवत नाही, याचा मला अभिमान वाटत होता.

अक्कानं ते पान पाहिलं. "हा लॅबवाला कोण?" तिनं विचारलं.

"अंबाजोगाईचा. आपल्या ओळखीचा हाय."

"त्यानं खाल्लाय का माझा येसर?"

"खायला कावून पायजे? लिंक तर दिली."

"मग तो शिफारस कशाची करतोय?"

मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. ती गप्प बसली. तिला गप्प बसवणं फार सोपं होतं, आणि मीही तेच केलं.

त्या चाळिसांत एक लिंक मात्र वेगळी होती. अक्काच्या धाकट्या दिराचं उमापूरला खता-बियाण्याचं दुकान होतं आणि त्याचीही एक छोटी साइट होती. मी त्याच्याकडे गेलो नव्हतो. त्यानं कुठूनतरी ऐकून आपणहून लिंक टाकली होती आणि वर चार ओळी लिहिल्या होत्या: आमच्या वहिनींच्या हातचा येसर, आमच्या घरच्या सगळ्या लग्नांत हाच असायचा, मागवून बघा. अप्पांनी मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. "वहिनी म्हणतंय अजून," ते म्हणाले. त्या घराशी आमचा तेवढाच धागा उरला होता. मी घाईघाईनं त्यालाही "आमची माणसं" मध्ये घातलं, म्हणजे फिट्टंफाट.

महिनाभर साइट चढली. पहिल्या पानाच्या तळाशी आली. फोन वाढले. अक्कानं भाजायला दोन बायका हाताशी घेतल्या आणि चक्कीवाल्याशी दिवस ठरवून घेतले. अप्पा एकदा दुकानातल्या गिऱ्हाइकाला "आमच्या पोरीचा धंदा" असं म्हणाले, ते मी ऐकलं.

मग ऐन लग्नसराईत एका सकाळी मी "येसर" टाकलं आणि साइट नव्हती. दुसऱ्या पानावर नव्हती, पाचव्यावर नव्हती. बारा पानं मी उलटली. वाटलं, यंत्राची काही गडबड असेल. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानंतरही तेच. फोन बंद पडले. हाताशी घेतलेल्या बायका सकाळी यायच्या, चहा प्यायच्या आणि परत जायच्या. अक्का मला काही विचारत नव्हती. ती मोबाइल उचलून नुसता बघायची आणि परत ठेवायची, आणि मला ते सहन होत नव्हतं. मी तिच्यावरच ओरडलो एकदा, "सारखं काय बघतीस त्यात!"

कारण शोधायला फार लागलं नाही. नियमांत स्वच्छ लिहिलं होतं, मीच ते पान सोडून पुढे गेलो होतो. ठरवून केलेली लिंकांची देवाणघेवाण ही त्यांच्या लेखी फसवणूक होती. आपल्यात जी माणुसकी, ती तिकडे लबाडी. मला आधी त्यांचाच राग आला. मग लॅबवाल्याची लिंक परत पाहिली. शिफारस खाणाऱ्यानं करायची असते, हे अक्कानं मला एका वाक्यात सांगितलं होतं.

उपाय एकच होता. "आमची माणसं" हे पान काढायचं, सगळ्यांना त्यांच्या लिंका काढायला लावायच्या आणि सर्च इंजिनवाल्यांना अर्ज करून जे केलं ते खरं सांगायचं. पाडव्याला महिना उरला होता. पान मी त्याच दिवशी उडवलं आणि मोटारसायकल परत काढली. तेव्हा कळलं की आहेर मागणं सोपं असतं, परत करणं महाकठीण. मंडपवाला खुर्चीतून उठलाच.

"काढ म्हणजे? आमी काय कमी केलं बे तुला?"

"तसं न्हाई, त्या इंजिनाला चालत न्हाई."

"इंजिनाला चालत न्हाई का तुला चालत न्हाई? मोठा झालास व्हय लई? आमचं नाव नगं तुझ्या पानावर?"

बोअरवेलवाल्यानं लिंक काढली, पण दुसऱ्या दिवसापासून अप्पांच्या दुकानात येणं बंद केलं. स्टुडिओवाला म्हणाला, "काढतो, पन आमच्या बहिणीच्या लग्नाला येऊ नगस." मी कुणाकुणाला समजावणार? काहींच्या पाया पडलो, काहींशी भांडलो. तीन आठवडे असे गेले आणि रोज घरी येताना माझं डोकं तापलेलं असायचं.

यादीत शेवटचं नाव दिराचं होतं. उमापूर लांब, म्हणून फोन केला. नीट विचार केला असता तर कळलं असतं की ती लिंक काढायची काही गरजच नव्हती. ती मागून घेतलेली नव्हती, कबूल करून दिलेली नव्हती. त्यानं खाल्लं होतं आणि खरं ते लिहिलं होतं. आमच्या बाजूची परतफेड मी उडवलीच होती. सगळ्या यादीत शिफारस म्हणावी अशी तेवढी एकच होती. पण मी यादी घेऊन बसलो होतो आणि मला सगळ्यांवर काट मारायची होती.

"तुमच्या साइटवरची आमची लिंक काढा," मी म्हणालो.

 तो म्हणाला, "कावून? वहिनीनं सांगितलं का?"

मी "न्हाई" म्हणायला हवं होतं. दिवसभराच्या भांडणांनी माझं तोंड कडू झालं होतं आणि 'वहिनी' या शब्दानं मला तो आपटलेला तांब्या आठवला. मी म्हणालो, "सांगायला कशाला पायजे?"

"बरं. काढतो. मग आमी समजायचं ते समजू का?"

"समजा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

घरी गेल्यावर अक्काला मी एवढंच सांगितलं की सगळ्या लिंका निघाल्या, अर्ज केलाय. तो अर्ज मात्र मी मनापासून लिहिला. आमच्याकडे आहेराची रीत आहे, त्या रीतीनं केलं, ते चुकलं, पुन्हा करणार नाही, असं सगळं माझ्या मोडक्या इंग्रजीत.

पाडवा आला. उत्तर आलं नव्हतं, फोन बंदच होते. अप्पांनी गुढी उभी केली आणि दार उघडं ठेवून ओसरीवर बसले. अक्कानं आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवली होती. कुणी न्यायला आलं नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. अप्पांनी शेवटी उमापूरला फोन लावला. पलीकडून जे सांगितलं ते ऐकून त्यांनी अक्कासमोर मला विचारलं, "तू 'समजा' म्हणलास का?"

मी म्हणालो, म्हणलो.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. "मी जाणार व्हते का न्हवते, ते मला बी ठाऊक न्हवतं," ती म्हणाली. "पन मला इचारायचं तरी." आणि ती पिशवी रिकामी करायला आत गेली.

उन्हाळ्यात फारकतीचे कागद आले. तिनं सही केली. अप्पांनी पुन्हा कधी पाडव्याचं नाव काढलं नाही. सर्च इंजिनवाल्यांचं उत्तरही आलं, तुमची साइट परत घेतली आहे, एवढंच. मी पुन्हा पहिल्यापासून लागलो. फक्त खरं लिहायचं, अक्का सांगेल ते. ज्यांच्याकडे येसर गेला त्यातल्या दोघी-तिघींनी आपणहून कुठे कुठे लिहिलं. हडपसरच्या बाईनं तर सगळी पाककृती आपल्या ब्लॉगवर टाकली, अक्काच्या नावासकट. दिवाळीनंतर एका सकाळी "येसर" टाकलं तर पहिल्या पानावर सगळ्यांत वर आम्ही. मी अक्काला हात धरून क्लासवर नेलं आणि दाखवलं. तिनं पडद्यावर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं."

लग्नसराई लागली तशी रीघ लागली. मोबाइल सारखा वाजायचा. एका दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो तेव्हा गेवराईहून एका बाईचा फोन आला. अक्का नेहमीसारखी विचारत होती, किती माणसं, लग्न कधी, पंगत सकाळची का संध्याकाळची. बाई बोलकी होती. भाचीचं लग्न, पोरगी गरिबाची, स्थळ चांगलं मिळालं, इंटरनेटवर तुमचंच नाव पहिलं दिसलं. अक्कानं सवयीनं विचारलं, "पाव्हणे कुठले?"

मग ती नुसती ऐकत राहिली. "उमापूरचे," ती सावकाश म्हणाली. "हां. खताचं दुकान हाय त्यांच्या भावाचं. हां. न्हाई, ऐकलंय नुसतं." तिनं वहीत तारीख लिहून घेतली आणि पत्ता लिहून घेतला. "मंगळवारी मिळंल तुमाला," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ताटावरून उठलो. "दाजींच्या लग्नाला न्हाई पाठवायचा," मी म्हणालो.

"त्या पोरीनं काय केलंय?" अक्का म्हणाली.

ज्वारी तिनं स्वतः भाजली, धने स्वतः भाजले, बायकांना हात लावू दिला नाही. चक्कीवर स्वतः उभी राहिली. मंगळवारी गेवराईच्या गाडीत पुडा दिला आणि परत आली ती सरळ माझ्या क्लासवर. ती तिथे एकटी कधी येत नसे. खुर्चीवर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"ते आपलं नाव खाली नेता येतं का रे?" तिनं विचारलं. "थोडे दिवस. मी कुणाला दिसू नये असं."

येतं, मी म्हणालो. सर्च इंजिनाला इकडे येऊ नका असं सांगणारी एक ओळ टाकायची असते. धंद्याचं काय, असं मी विचारलं.

"बघू धंद्याचं," ती म्हणाली. "आता ने."

मी तिच्यासमोर ती ओळ टाकली.